भोपळ्यांची खोली

अजूनही लाल भोपळा चिरताना मी आधी त्याची साल निरखून बघते. मग सासूबाईंची फार आठवण येते आणि भाजी राहून जाते.

त्यांना माणसांपेक्षा किड्यांची काळजी जास्त, असं मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं होतं. कॉफीच्या मळ्यावर त्यांच्या ताब्यात एक खोली होती. फळ्यांवर ओळीने भोपळे, भोपळ्यांवर मुद्दाम वाढवलेला, झाडांचा रस पिणारा पांढरा पिठ्या ढेकूण आणि तो खायला सोडलेले ढालकिडे, मसुराएवढे, काळे, डोक्याकडे तांबूस. तयार झालेले किडे डब्यांतून कॉफीच्या झुडपांवर सोडायचे. तिथला ढेकूण त्यांनी फस्त केला की औषध फवारावं लागत नसे. खोलीत मला शिंक आली तर सासूबाई बाहेर पिटाळायच्या, म्हणे किडे दचकतात.

त्यांनीच हट्टाने मला तिथे कामाला लावलं होतं. पंधराव्या दिवशी त्या झुडपं पाहायला गेल्या असताना मला भोपळ्यांवर कापसासारखे पांढरे किडे दिसले. ढालकिड्यांना आटपेनासा ढेकूण माजलाय असं समजून मी मोठ्या हौसेने ओल्या फडक्याने एकूण एक भोपळा लख्ख पुसला. ती ढालकिड्यांची पिल्लं होती. लहानपणी ती थेट ढेकणासारखी दिसतात, हे मला कुठे ठाऊक!

सासूबाई आल्या, बघितलं आणि फडकं माझ्या हातातून काढून घेतलं. "काडीने डिवचून बघायचं गं," एवढंच म्हणाल्या. "तुरुतुरु पळतं ते आपलं."

पुढच्या आठवड्यात मॅनेजर डबे न्यायला आला, तर डबे रिकामे. हे कोणी केलं, असं त्याने विचारलं.

"मीच पुसले भोपळे," सासूबाई म्हणाल्या. "डोळ्यांनी दगा दिला."

मॅनेजरने त्यांना घरी बसवलं आणि खोली माझ्याकडे सोपवली. सासूबाई तर चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायच्या! खरं सांगून टाकते, म्हणून मी रोज मागे लागायचे. शेवटी त्या चिडल्या.

"मला घरी बसवलं, तर मी चार दिवस रुसेन. तुला पहिल्याच महिन्यात बसवलं असतं, तर तू पुन्हा कामासाठी उंबरा ओलांडला नसतास."

मग रोज संध्याकाळी मी काडेपेटीतून एक ढालकिडा घरी आणायचे. त्या तो परसातल्या झुडपावर सोडायच्या आणि आज किती भोपळे भरले, ते विचारायच्या.

चार दिवस नाही, अकरा वर्षं विचारत राहिल्या.