आत्याचा सूड आणि पाण्याची गोळी

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा अर्धं लिहून पुसून टाकलं, कारण आत्या म्हणाली, "माझ्यावर लिहिलंस तर तंगडं मोडून हातात देईन." पण काल एक ओळखीची बाई जिन्यात भेटली आणि म्हणाली, "तुझ्या आत्याचं ते हार्टचं झालं होतं ना, आता बरी असेल, नाही का?" आणि माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की म्हटलं, मोडलं तंगडं तर मोडलं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. कॉलेजसाठी मी तिच्याकडे राहते, दोन खोल्या, दुसरा मजला. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर सांगते, "मापात बसणारा मिळाला नाही." गणवेश शिवायच्या एका कारखान्यात ती सव्वीस वर्षं कटिंग करत होती. टेबलावर कापडाचे चाळीस थर एकावर एक ठेवायचे आणि वरून विजेची कटर फिरवायची. हात एकदा हलला की चाळीस बाह्या वाया. आत्याचा हात कधीच हलला नाही. तिला तिथं सगळे 'मास्तर' म्हणायचे, मालकसुद्धा.

दोन वर्षांपूर्वी तिला अटॅक आला तोही त्याच टेबलावर. पाठ आणि जबडा दुखत होता, घाम फुटला होता, तिला वाटलं पित्त. आधी थप्पी कापून संपवली, मग खाली बसली. दवाखान्यात स्टेंट टाकला. भेटायला आलेला प्रत्येक माणूस डॉक्टर असल्यासारखा बोलत होता. आमचे बाबा तर, "ताई, पाइप साफ झाला, आता वीस वर्षं बघायला नको." आत्यानं पण स्वतःच्या धंद्यातलं उत्तर काढलं, "फाटलं होतं, रफू केलं, विषय संपला." घरी येताना गोळ्यांची पिशवी होती, कागद होते, कागदावर बरंच लिहिलं होतं. आम्ही ते फ्रिजवर ठेवले. फ्रिजच्या वर हं, दारावर नाही. म्हणजे कोणीच वाचले नाहीत.

दीड महिन्यानं ती कामावर गेली तर तिच्या टेबलापाशी दुसराच माणूस उभा. मालक तीस जणांसमोर म्हणाला, "बाई, तुमच्या छातीत आता स्प्रिंग बसवलीय, कधी तुटेल काय नेम? तुम्ही आपली बटणं मोजा." सव्वीस वर्षं मास्तर आणि एका दिवसात बाई. स्टुलावर बसवलं तिला, समोर बटणांची परात.

ती घरी आली आणि जेवली नाही. मी म्हणाले, आणि हे वाक्य मला जन्मभर पुरणार आहे, "आत्या, सोडायचं नाही त्याला. नाकावर टिच्चून टेबल परत घ्यायचं."

ती म्हणाली, "तू नुसती बघ."

संधी यायला वेळ लागला पण आली. नव्या माणसानं एका दवाखान्याच्या तीनशे कोटांचं कापड घातलं आणि सगळे थर सुलटी बाजू वर ठेवूनच लावले, एकाआड एक उलटायचे असतात ते विसरला. त्यामुळे सहाशेच्या सहाशे बाह्या डाव्या. उजवी एक नाही! आत्या ते सांगताना इतकी हसली की खोकला लागला. मालक स्वतः परातीपाशी आला. म्हणाला, "चला टेबलावर. महिनाभर बघतो. पण टेबल सोडायचं नाही. सारखं आपलं खाली-वर, खाली-वर केलंत तर परत बटणं."

आता हे खाली-वर काय होतं ते सांगते. तिच्या पिशवीत एक छोटी पांढरी गोळी होती, आम्ही तिला पाण्याची गोळी म्हणायचो. ती सकाळी घेतली की दुपारपर्यंत पाच-सहा वेळा बाथरूमला जावं लागायचं. कारखाना तिसऱ्या मजल्यावर आणि बाथरूम तळमजल्यावर. मग आत्यानं काय केलं? गोळी बंद केली. मला सांगितलं, "अगं ती काय हार्टची नाही, नुसती मुतायची गोळी." मी पण मान डोलावली. बी.एस्सी.ला आहे मी, लाज वाटते सांगायला.

शिवाय दिवसभर उभं राहून कंबर धरायची म्हणून औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळी आणायची, कोणाला न विचारता. ती गोळी अंगात पाणी धरून ठेवते हे आम्हाला नंतर कळलं.

महिना सुरू झाला आणि खरं सांगते, मजा येत होती. रोज संध्याकाळी ती मालकाच्या तोंडाची नक्कल करून दाखवायची. आज चारशे कापले, आज नवा माणूस माझ्या कटरला तेल घालत होता, असं सगळं. आणि तिची पॅन्ट घट्ट व्हायला लागली. आत्या स्वतः शिवलेली पॅन्ट घालते, वर लांब शर्ट. शिंपी लोक शिवणीत आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. कंबर घट्ट झाली की आत्या रविवारी शिवण उसवायची आणि मायेतून दोन बोटं वाढवून परत मशीन मारायची. दहा मिनिटांचं काम. दुसऱ्या कोणाची पॅन्ट बसेनाशी झाली असती तर तो घाबरला असता, निदान आरशात तरी बघितलं असतं. हिच्या हातात कला, हिची पॅन्ट कायम बरोब्बर बसत होती! तीन रविवार वाढवली. मी म्हणाले, "आत्या, सुटलीस गं." ती म्हणाली, "सूड अंगी लागतो, कार्टे."

मग ती जिन्यात पहिल्या मजल्यावर थांबून पर्समध्ये किल्ली शोधायला लागली. रोज. मग मी सकाळी उठायचे तर ती पलंगावर नाही, आरामखुर्चीत बसून झोपलेली. म्हणायची, आडवं झालं की गुदमरतं, उकाडा फार आहे. मला उकडत नव्हतं.

सत्ताविसाव्या दिवशी भर दुपारी तिला टेबलावर श्वास मिळेना. तरी आधी कटर बंद केली, मग खाली बसली. मालक म्हणाला, "नाटक सुरू झालं." कारखान्यातली इस्त्रीवाली त्याच्यावर ओरडली, तिनंच आत्याला धरून तीन मजले उतरवलं, गाडीत घातलं आणि मला फोन केला.

दवाखान्यात हार्टच्या वॉर्डची सिस्टर होती, बुटकी, चष्मा डोक्यावर, आवाज मात्र फौजदाराचा. ऑक्सिजन, इंजेक्शन सगळं झाल्यावर तिनं आत्याच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला. कणकेत बोट रुतावं तसा.

"मावशी, पॅन्ट घट्ट होत नव्हती?"

मी म्हणाले, "व्हायची. ती वाढवून घ्यायची. तीनदा."

सिस्टरनं चष्मा खाली घेतला. "साडेसात किलो पाणी आहे हे अंगात. आणि तुम्ही त्याला जागा करून देत होता?"

"मला काय माहीत," आत्या मास्कमधून पुटपुटली, "पाइप साफ केला म्हणाले. बरी झाले होते मी."

"कोण म्हणालं बरी झालात? पाइप साफ केला, खरं आहे. पण तोवर हृदयाचा जो भाग उपाशी राहिला तो मेला, तो परत येत नाही. पंप अशक्त आहे तुमचा. आता हे दुखणं म्हणजे घरात राहायला आलेला माणूस आहे, पाहुणा नाही. रोज त्याचं करायचं. रोज गोळ्या, रोज वजन, मीठ कमी, पाणी मोजून. तीन दिवसांत दोन किलो वाढलं की मला फोन. गोळी का सोडलीत?"

आत्यानं सांगितलं. मालक, तीन मजले, सगळं.

सिस्टर एवढंच म्हणाली, "अहो, गोळीची वेळ बदलता येते. संध्याकाळी घरी आल्यावर दिली असती डॉक्टरांनी. एक फोन करायचा होता."

एक फोन! मी बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून रडले. मालकावर राग होताच, पण तिला पेटवून दिलं होतं कोणी? मीच ना.

तिसऱ्या दिवशी पाणी बरंच उतरलं होतं, आत्याचे घोटे पुन्हा दिसायला लागले होते. आणि मालकाचा फोन आला. मोठ्यानं बोलायची सवय त्याला, मलाही ऐकू येत होतं. "तीनच दिवस राहिले होते तुमचे. सोमवारी आलात तर टेबल तुमचं, कायमचं. पण तेच, खाली-वर नको." मी फोन ओढायला गेले, तिनं माझा हात झटकला. मला वाटलं, संपलं, ही हो म्हणणार. तिचा चेहराच तसा होता, सव्वीस वर्षांचं टेबल होतं ते. तिनं चादर सरकवून आपले घोटे बघितले. मग म्हणाली, "सोमवारी नाही, डॉक्टर हो म्हणतील त्या दिवशी येते. माझे फर्मे न्यायला."

फर्मे म्हणजे पुठ्ठ्याचे कापलेले आकार, बाही, कॉलर, पाठ, प्रत्येक मापाचे. ते ठेवून कापड कापतात. कारखान्यातले सगळे फर्मे आत्यानं घरी बसून, घरच्या पुठ्ठ्यावर आखलेले, प्रत्येकाच्या मागं तिची सही.

डिस्चार्जनंतर आठवड्यानं आम्ही गेलो. आत्या तळमजल्यावर खुर्ची टाकून बसली. निरोप पाठवला, "मला चढायला मनाई आहे. त्यांना उतरू दे." आणि मालक उतरला! तीन मजले, धापा टाकत, मागून इस्त्रीवाली आणि दोघी-तिघी फर्म्यांची पोती घेऊन. वर खिडक्यांत सगळी डोकी. मालक म्हणाला, "मास्तर, असं करू नका, बसून बोलू." परत मास्तर झाली होती ती.

आत्यानं एक पोतं उचलून त्याच्या हातात दिलं. "हे धरा जरा. मी बाथरूमला जाऊन येते. मला सारखं जावं लागतं, तुम्हाला माहीतच आहे." आणि गेली. आरामात. दहा मिनिटं तो पोतं धरून उभा. खिडकीतून कोणीतरी शिट्टी मारली. देवाशपथ, इतका आनंद मला बारावीच्या निकालाला झाला नव्हता.

आता ती घरी अर्धा दिवस कटिंग करते, उंच स्टुलावर बसून, तीन शिंप्यांसाठी. बरी झालेली नाही, हे नीट ऐका. सकाळी वजन करून खडूनं भिंतीवर लिहिते. मिठावरून आमची रोज भांडणं. गेल्या महिन्यात दोन किलो वाढलं, सिस्टरला फोन केला, डॉक्टरांनी गोळी वाढवली, चार दिवसांत उतरलं. चिडते, कंटाळते, "किती दिवस हे?" म्हणते. मग स्वतःच म्हणते, "कायम."

आणि सूड? तो चालूच आहे. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. कुठल्या रस्त्यानं ते सांगितलं नाही. ती रोज दुपारच्या सुट्टीत बरोबर कारखान्याच्या दारावरून जाते, हळूहळू, मान वर करून. मी एकदा म्हणाले, तो मरो एकदाचा. तर माझ्यावर डाफरली, "मरायला नकोय मला तो. मी जिवंत आहे हे त्याला रोज दिसायला हवंय." माझ्या आत्याला यापेक्षा चांगलं औषध कोणी देऊ शकलेलं नाही.

तुमच्याही घरात, बिल्डिंगमध्ये कोणीतरी असेल, ज्याचं 'हार्टचं झालं होतं'. झालं होतं नाही, आहे. त्यांच्याकडे जा, याच आठवड्यात. "आता बरं आहे ना?" असं विचारू नका, त्याला हो म्हणावंच लागतं. शेजारी बसा, कुठली गोळी नकोशी होते आणि का, ते विचारा, आणि सांगतील ते पूर्ण ऐका. परीक्षा संपू दे, सुट्टी लागू दे, असलं काही नको. चप्पल घाला आणि जा.