बजबजच्या बागेतलं हळदीकुंकू

कलकत्त्यातल्या आमच्या मराठी बायकांच्या मंडळाच्या चिटणीसबाईंनी माझ्या आईला फसवलं. फसवणूक पैशाची नव्हती. पैशाची असती तर मी त्याच दिवशी वसूल करून आले असते.

वडील गेल्यावर आई साताऱ्याकडच्या गावाहून माझ्याकडे बालीगंजला राहायला आली. एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. तिला मराठीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. माझी मुलं तिच्याशी मोडकंतोडकं मराठी बोलत आणि दोन वाक्यांत बंगालीवर घसरत. नवरा कामावर, मी दुकानात. दिवसभर ती गॅलरीत बसून रस्ता बघत राही. एकदा मला म्हणाली, "मला एक दिवस चार मराठी बायकांत नेऊन बसव गं. मी काही बोलणार नाही, नुसतं ऐकीन."

मागणी मोठी नव्हती. पण मंडळाच्या बायका जमत त्या हळदीकुंकवाला, मंगळागौरीला, डोहाळजेवणाला. तिथे मला आमंत्रण असे, विधवा म्हणून तिला नसे. म्हणून मी सहल काढायचं ठरवलं. सहलीला कुंकवाची अट नाही. तिकीट काढलं की झालं.

लोकांचे ब्लाउज शिवून शिवून मी गरियाहाटच्या बाजारात स्वतःचं दुकान उभं केलं होतं. घासाघीस करायची मला कधी लाज वाटली नाही, आणि राग गिळणं मला कधी जमलं नाही. सहलही मी तशीच आखली. त्या दिवसांत शहरात कधी बंद पुकारतील, कधी ट्रॅम थांबेल, याचा भरवसा नव्हता. म्हणून रविवार धरला. बालीगंजहून लोकलने बजबज, तिथे नदीकाठी जेवण, मग होडीने पलीकडे बाउडिया आणि तिथून दुसऱ्या गाडीने हावडा. गेलेल्या वाटेने परतायचं नाही, गोल फिरून घरी यायचं. दुकान बंद ठेवून मी हा सगळा फेरा आधी एकटीने करून आले. बजबजला एका चटकलीच्या, म्हणजे तागाच्या गिरणीच्या, साहेबाची जुनी बाग होती. तिथल्या माळ्याशी बराच वेळ हुज्जत घालून जागा ठरवली. बायकांसाठी आडोशाची सोय आहे की नाही, तेही स्वतः आत जाऊन पाहिलं.

मंडळाच्या बैठकीत मी बेत मांडला. चिटणीसबाई म्हणजे बदलीवर आलेल्या एका मोठ्या सरकारी अधिकाऱ्याच्या पत्नी. त्यांचे ब्लाउज माझ्याचकडे येत.

"लोकलने?" एकीने नाक मुरडलं. "मासळीच्या टोपल्यांत बसायचं का आम्ही?"

"टोपल्या सकाळी शहराकडे येतात. आपण उलट्या बाजूला जाणार," मी म्हणाले.

"तुम्ही रेल्वेतच असायला हव्या होतात," चिटणीसबाई म्हणाल्या, आणि बायका हसल्या.

मग मी सगळ्यांसमोर स्वच्छ सांगितलं, "माझी आई येणार आहे."

"आणा की. आजी आल्या तर आम्हालाही बरंच वाटेल." हे शब्द चिटणीसबाईंचे. मी पदरचं काही घातलेलं नाही.

त्या रविवारी आई पहाटेच न्हाऊन तयार झाली. तिळाचे लाडू तिने आदल्या दिवशीच वळून ठेवले होते. आम्ही बालीगंजच्या फलाटावर उभ्या राहिलो. कोणी आलं नाही. ठरलेली गाडी मी सोडून दिली.

"पुढे गेल्या असतील. आपल्यालाच उशीर झाला असेल," आई म्हणाली.

"मला उशीर होत नाही," मी म्हणाले.

पुढच्या लोकलने बजबज गाठलं, सायकलरिक्षाने बागेशी आलो. फाटकात बस उभी होती. आत सतरंज्या पसरलेल्या, अत्तरदाणी फिरते आहे, वाण लुटलं जातं आहे. संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमी यायची होती. माझ्या सहलीचं त्यांनी हळदीकुंकू केलं होतं. आणि माळ्याला नाव माझंच सांगून आत शिरल्या होत्या.

आईने फाटकातूनच ते पाहिलं आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला. बाहेर भिंतीला लागून एक सिमेंटचा बाक होता, त्यावर बसली. "मी इथे बरी आहे. तू जा, कुंकू घेऊन ये."

मी आत गेले. चिटणीसबाई करंडा घेऊन पुढे आल्या. "अहो, या. निरोप नाही का पोचला? काल अचानक बसची सोय झाली. मग म्हटलं, सगळ्या जमणारच आहेत तर हळदीकुंकूही उरकून घ्यावं."

"बस बालीगंजवरून आली ना?"

"हो, पण... आजींना इथे अवघडल्यासारखं झालं असतं. त्यांचाच विचार केला आम्ही."

"त्यांचा विचार करून त्यांना फलाटावर उभं केलंत?"

"जाऊ द्या हो," मागून कोणी तरी म्हणालं. "सणाच्या दिवशी भांडण नको."

"मग करंडे मिटा आणि तिला आत बोलवा," मी म्हणाले. "सहल म्हणून ठरलंय, सहलच होऊ दे."

एकही उठली नाही. एकजण हळूच म्हणाली, "आजींचं ताट मी बाहेर नेऊन देते." त्या ताटाचं काय करायचं, ते मी तिला सांगितलं. इथे लिहीत नाही. चिटणीसबाईंचं बोट माझ्या कपाळाकडे येत होतं, ते मी हाताने बाजूला सारलं. सवाष्णीने कुंकू नाकारलं, केवढा अपशकुन, म्हणून पुढे वर्षभर या बायका कुजबुजत होत्या. आपण काय केलं यावर एक अक्षर नाही.

आईला घेऊन मी धक्क्यावर आले. होडी नदीच्या मध्यावर आली तेव्हा तिने विचारलं, "ती मोठ्यांदा हसत होती ती नागपूरकडची का गं? आणि ज्या बाईने उखाणा घेतला, ती कोकणातली असणार." भिंतीपलीकडून तिने सगळं ऐकलं होतं. "बरं झालं आलो," ती म्हणाली. "ऐकायला तरी मिळालं."

मी काठाकडे तोंड करून बसले. तिचं एवढ्यावर समाधान झालं, याचाच मला जास्त राग आला.

नंतर मी आणखी सहली आखल्या, पण ती आली नाही. "नको. त्या बिचाऱ्यांना अवघड होतं," म्हणायची. दोन हिवाळ्यांनी ती गेली. चार मराठी बायकांत बसायचं राहिलं ते राहिलंच.

चिटणीसबाईंची बदली झाली तेव्हा मंडळाने त्यांना निरोप दिला. बजबजची सहल त्यांनी किती कष्टाने घडवून आणली, असं एक बाई भाषणात म्हणाल्या. मी उभी राहिले. अध्यक्षबाईंनी हाताने खाली बसवलं, "आत्ता नको, ही वेळ नव्हे."

मग वेळ कोणती? आईच्या दहाव्यालाही तुम्ही आला नाहीत, नाही तर तिथे विचारलं असतं. म्हणून आता विचारते. चिटणीसबाई, कोणत्या गावी असाल तिथून सांगा: तिला वगळायचं कोणी ठरवलं, आणि ठरल्यावर तोंडावर येऊन सांगायला कोणाची जीभ अडली? आणि त्या बसमध्ये खिडकीशी बसून आमची गल्ली मागे जाताना पाहणाऱ्या तुम्ही सगळ्या, ज्यांची मापं मला अजून पाठ आहेत, तुम्हीही सांगा. ड्रायव्हरला थांब म्हणायला तुमच्यातल्या एकीलाही का सुचलं नाही? मला उत्तर हवं आहे.