बूड नसलेली टोपली

आई मंगळवारी गेली. मी तेव्हा चंद्रपूरला कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतो. बाबांचा फोन आला. मी यंत्राचा दिवा बंद केला आणि सिंदेवाहीची बस धरली.

तिला फिट येत असे. त्यासाठी रोज गोळी. हे औषध रक्तात गेलं की बहुतेक अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटून बसतं. जे थोडं मोकळं उरतं तेवढंच काम करतं. आईच्या किडन्या बिघडल्या आणि लघवीवाटे ते प्रथिनच वाहून जाऊ लागलं. मग तेवढ्याच गोळीतलं जास्त औषध मोकळं राही आणि ती तलावाच्या पाळीवर झोकांड्या खात चाले. डॉक्टरांनी गोळी कमी केली की फिट परत येई.

माझं संशोधन याच औषधावर होतं. विषय मीच मागून घेतला होता. स्टार्चपासून साखरेची एक कडी बनवतात, आतून पोकळ. औषधाचा रेणू त्या पोकळीत शिरतो. अशी कडी जवळ असताना औषध प्रथिनाला किती चिकटतं, हे मोजायचं होतं. आईच्या रक्तात कमी पडलेल्या प्रथिनाचं काम ही कडी करील का, हे मी कुणाला विचारलं नव्हतं.

आईला एवढंच सांगितलं होतं, की कडी टोपलीसारखी असते, फक्त वरखाली उघडी.

"बूड नाई?" ती मासोळ्या साफ करत होती. "मंग त्यात राह्यते काय रे?"

"राह्यते वं, थोडा वेळ."

"तुह्या बापानं असी टोपली इनली असती त म्या घरात नसती घेतली."

प्रथिनावर ठरावीक प्रकाश टाकला की ते अंधूक चमकतं. औषध येऊन बसलं की चमक उतरते. कडी घालूनही ती तितकीच उतरली. म्हणजे प्रथिनाने औषध सोडलं नव्हतं. कडी फक्त मोकळं औषध धरत असणार, आईला हवं होतं तसंच. काही दिवस मी खानावळीत दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मग सरांनी विचारलं, "औषध न घालता नुसती कडी आणि प्रथिन, असं रीडिंग घेतलंस?" ते राहिलं होतं. घेतलं, तर नुसत्या कडीनेही चमक उतरली. ती घट वजा केली तेव्हा औषधाच्या वाट्याला कमी घट उरली; म्हणजे कडी प्रथिनाला चिकटलेलं औषधच काढून घेत होती. आईजवळ आधीच थोडं असलेलं प्रथिन आणखी रिकामं झालं असतं.

पुढच्या रविवारी घरी गेलो.

"झालं का तुह्यं औषध?" आईने विचारलं.

"नाई जमलं."

"काऊन?"

मी समजावू लागलो. तिने मध्येच ताट पुढे सरकवलं. "जेव आधी. वाळून राह्यला."

त्यानंतर महिनाभराने तो मंगळवार आला. फिट आली ती थांबलीच नाही.

सुतकात शेजारची बाई बाबांजवळ बसली होती. मला म्हणाली, "तू त औषधाचंच शिकून राह्यला ना, बाबू?" टोमणा नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. बाबांनी तिला चहा दिला.

मी परत आलो आणि राहिलेली रीडिंग पूर्ण केली. प्रबंधातलं ते प्रकरण आता छापून झालं आहे. कडीमुळे या औषधाची अल्ब्युमिनशी बांधणी घटते, असा त्याचा निष्कर्ष आहे.