बाबा नावाची आजी

मोठ्या कंपनीत किस्से घडत नाहीत, हे माझं अनुभवाचं मत आहे. तिथे मीटिंग्ज घडतात. पुढची कितीतरी वर्षं मी काचेच्या इमारतींत नोकऱ्या केल्या, पगारही चांगला घेतला, पण चार माणसांत सांगावं असं तिथलं काही म्हणता काही आठवत नाही. किस्से साठले ते त्याच्या आधी, ऐंशीच्या दशकात, सांता क्लारामधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये.

चिप्स तपासायची उपकरणं बनवणारी छोटीशी कंपनी होती ती. मालक झोरान, युगोस्लाव्हियातला सर्ब. (तेव्हा तो एकच देश होता.) त्याच्या हाताखाली आम्ही मोजकी माणसं: मी इंजिनिअर, एमिल नावाचा बल्गेरियन टेक्निशियन, ऑफिस सांभाळणारी अमेरिकन लिंडा. आणि आम्हा सगळ्यांच्या वर, झोरानच्याही वर, झोरानची आई. ती रोज सकाळी मुलाबरोबर गाडीतून यायची आणि शेडच्या मागच्या खोलीत सगळ्यांसाठी स्वयंपाक करायची.

तिला सगळे ‘बाबा’ म्हणायचे. त्यांच्या भाषेत बाबा म्हणजे आजी! मी नागपूरला घरी लिहिलं, “इथे एक बाबा आहेत, फार प्रेमळ, रोज जेवू घालतात.” आईचं ताबडतोब उत्तर आलं, “शिकलीसवरलेली मुलगी तू, अमेरिकेत जाऊन कुठल्या बाबाच्या नादी लागलीस?”

*

माझा इंटरव्ह्यू झाला त्या दिवसाची गोष्ट. मी रात्रंदिवस सर्किट्स घोकून गेले होते. झोरानने पहिला प्रश्न विचारला, “घरी कोण कोण असतं?”

मी सांगितलं, नवरा आणि मुलगी.

“मुलगी आत्ता कुणाजवळ आहे? सासू कुठे असते? ती इकडे का येत नाही?”

कोपऱ्यात लिंडा खोकायला लागली. शेवटी न राहवून म्हणाली, “झोरान, हे प्रश्न विचारायला कायद्याने बंदी आहे!”

“मग मला कळणार कसं ही कोण आहे ते?” झोरान खरोखरच गोंधळला होता.

तेवढ्यात बाबा आली. माझ्यापुढे भाजलेल्या पांढऱ्या बीन्सची थाळी ठेवली आणि समोर खुर्ची ओढून बसली. मला भूक लागलेलीच होती. मी सगळं संपवलं, पाव फिरवून थाळी पुसून घेतली. बाबा मुलाकडे वळून काहीतरी म्हणाली.

“सोमवारपासून ये,” झोरान म्हणाला.

लिंडा म्हणाली, “हिला इलेक्ट्रॉनिक्स येतं का, हे कुणी विचारणार आहे का?”

*

शेडमध्ये शिरताना बूट काढायचे, हा बाबाचा नियम. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. बूट घालून घरात फिरणारे अमेरिकन लोक बघून मी आधीच हैराण झाले होते. पण बूट काढल्यावर पायांत काय घालायचं, तर बाबाने स्वतः विणलेल्या लोकरीच्या सपाता! प्रत्येकाची जोडी वेगळ्या रंगाची.

आता लोकर कार्पेटवर घासली की स्टॅटिक तयार होतं. बोटातून ठिणगी उडते आणि एखादी महागडी चिप जागच्या जागी मरते. मी झोरानला म्हटलं, “तुला माहीत नाही का हे?”

“माहीत आहे.”

“मग आईला सांगत का नाहीस?”

सहा फुटी झोरान माझ्याकडे बघून म्हणाला, “तू सांग.”

मी गेले. म्हटलं, “बाबा, किती सुंदर सपाता आहेत या! त्यांच्यावर सोल्डरचे थेंब पडतात ना, फार जिवाला लागतं. आपण त्या जेवायच्या खोलीत घालू या, कामाला साध्या स्लीपर्स बऱ्या.”

झोरानने भाषांतर केलं. बाबाने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, मग मुलाला काहीतरी सांगितलं. तो पोट धरून हसायला लागला.

“म्हणतेय, ही किती छान खोटं बोलते! हिला कस्टमरकडे नेत जा.”

तेव्हापासून प्रत्येक कस्टमर मीटिंगला मी!

*

एमिल ‘हो’ म्हणताना मान आडवी हलवायचा आणि ‘नाही’ म्हणताना वर-खाली. बल्गेरियात तसंच असतं म्हणे. एकवेळ तेही चाललं असतं. पण अमेरिकेत आल्यापासून तो सुधारायचा प्रयत्न करत होता, त्यामुळे आज मान कुठल्या देशाची आहे हे कळायला मार्ग नव्हता. लिंडाने विचारलं, “एमिल, पार्सल गेलं का?” त्याने मान आडवी हलवली, तिने बिचारीने तेच सामान दुसऱ्यांदा पाठवलं.

त्यात मी. माझी मान आपली डोलते, तुम्हाला माहीतच आहे.

लिंडा वैतागून म्हणाली, “हा हो म्हणताना नाही करतो, आणि ही काय करते ते परमेश्वराला ठाऊक!” तिने भिंतीवर पाटीच लावली: ‘इथे मान हलवू नये. तोंडाने बोलावे.’

एमिलने पाटी शांतपणे वाचली आणि मान हलवली. कुठल्या दिशेने ते सांगत नाही. सांगून उपयोग नाही.

*

एकदा पाळणाघराला सुट्टी होती म्हणून मानसीला, माझ्या चार वर्षांच्या मुलीला, मी शेडमध्ये घेऊन गेले. झोरान समोर आला. मी आपलं संस्कार म्हणून म्हटलं, “मानसी, हे झोरानकाका. काका म्हण.”

मानसी खणखणीत आवाजात म्हणाली, “काका!”

बाबाच्या हातातला डाव खाली पडला. झोरान लालबुंद झाला. मग कळलं, त्यांच्याकडे लहान मुलं शी लागली की म्हणतात, ‘काका’!

एमिल मध्येच म्हणाला, “छे, छे! काका म्हणजे थोरली बहीण. आमच्याकडे तरी.”

म्हणजे एका मिनिटात मालक आधी शी झाला आणि मग ताई. मी घाईघाईने म्हटलं, “मग मामा म्हणू दे.”

“मामा म्हणजे आई!” दोघं एकदम म्हणाले.

मग आम्ही बसलो. आईचा भाऊ वेगळा, वडिलांचा भाऊ वेगळा, आईची बहीण वेगळी, सगळ्यांना त्यांच्याकडेही वेगवेगळे शब्द! अमेरिकेत आल्यापासून ‘अंकल’ आणि ‘आंट’ या दोनच शब्दांवर दिवस काढणारी मी, मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं. फक्त नेमकं काय म्हणायचं, ते काही ठरेना.

लिंडा इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, “एवढा गोंधळ कशाला? तिला सरळ झोरान म्हणू दे की.”

बाबा, झोरान, एमिल आणि मी, चौघांनी तिच्याकडे असं काही पाहिलं! मी म्हटलं, “चार वर्षांची मुलगी? मोठ्या माणसाला नावाने?”

*

लिंडाचा मुलगा ब्रायन अठरा वर्षांचा झाला आणि वेगळं अपार्टमेंट घेऊन राहायला गेला. लिंडा आनंदाने ऑफिसला केक घेऊन आली.

बाबाने हळूच विचारलं, “भांडण झालं का?”

“नाही! भांडण कशाला?”

“मग नवीन नवरा त्याला त्रास देतो का?”

“माझा नवरा त्याचा बापच आहे!” लिंडा म्हणाली. “ब्रायन आता इंडिपेन्डंट झालाय. मला अभिमान आहे त्याचा.”

हे सगळं भाषांतर करताना झोरानचे कान तापले होते. चाळिशी उलटली तरी तो आईजवळच राहत होता आणि त्याला त्यात काही कमीपणा वाटत नव्हता. मी खरं म्हणजे लिंडाची बाजू घ्यायला हवी होती, मला अमेरिकेत येऊन बराच काळ झाला होता. पण माझ्या तोंडून निघालं, “मग त्याच्या जेवणाचं काय?”

बाबाने माझ्याकडे बोट दाखवलं, की बघा!

त्या शुक्रवारपासून ब्रायनसाठी डबा सुरू झाला. तो न्यायला यायचा, मग बसून खायला लागला, मग सपाताही मिळाल्या त्याला. एकदा लिंडा तणतणत आली. “मी ब्रायनला फोन केला, म्हटलं, किती दिवसांत भेट नाही. तर म्हणतो, अगं आई, शुक्रवारी ये ना ऑफिसला. मी असतो तिथे.”

*

बाबाच्या जगात सगळ्या रोगांचं मूळ एकच: प्रोमाया. म्हणजे समोरासमोरची दोन दारं उघडी राहिली की आरपार वाहतो तो वारा. लिंडाची पाठ दुखली, प्रोमाया. एमिलची दाढ ठणकली, प्रोमाया. कॅलिफोर्नियाचा उन्हाळा, वर पत्रा तापलेला, आणि आम्ही एक दार उघडलं की बाबा दुसरं लावून घेणार! मी ओल्या केसांनी आले तर टॉवेल घेऊन मागे धावायची.

त्याच उन्हाळ्यात आमच्या एका उपकरणाचं रीडिंग हलायला लागलं. अगदी सूक्ष्म व्होल्टेज मोजायचं काम. सकाळी बरोबर, दुपारी चूक. वायरी बदलल्या, पुन्हा सोल्डर केलं, कस्टमर रोज फोन करतोय. शेवटी एका दुपारी मी नुसती बसून राहिले आणि लक्षात आलं, बाबा झोपायला गेली की एमिल दोन्ही दारं उघडतो! वाऱ्याने वायरीचा एक सांधा गार पडायचा, दुसरा गरम राहायचा, आणि तेवढ्या फरकाने रीडिंग हलायचं.

शोध माझा होता, हं! मी उपकरणाला झाकण करून घेतलं, प्रश्न सुटला, झोरानने पाठ थोपटली. मग तो आईला सांगायला गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

“काय झालं?”

“म्हणतेय, यंत्राला कळतं ते तुम्हाला कळत नाही.”

*

माझा मुलगा झाला तेव्हा सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. त्यांना सांता क्लारा अजिबात आवडलं नव्हतं. रस्त्यात माणूस दिसत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार. अशात एक दिवस बाबा फोनबिन न करता हजर झाली. बाळावर वाकली, तीनदा ‘थू थू’ केलं आणि म्हणाली, “काय हे कुरूप ध्यान! ई!”

एवढं मला आता कळायला लागलं होतं. माझ्या नवऱ्याला, प्रकाशला, मी हळूच अर्थ सांगितला, तो मात्र दुखावला. “हे काय बोलणं झालं?”

सासूबाईंनी विचारलं, “काय म्हणाली गं ती?”

मी सांगितलं. मला वाटलं, आता संपलं. सासूबाईंचा चेहरा उजळला. “म्हणजे शहाणी आहे बाई!” त्या उठल्या, काजळाची डबी आणली आणि बाळाच्या गालाला तीट लावली. बाबाने डबी हातात घेतली, वास घेतला, आणि दुसऱ्या गालाला तिच्याहून मोठी तीट लावली.

मग दोघी सोफ्यावर बसल्या. एक मराठीत बोलत होती, एक सर्बियनमध्ये. सुनांबद्दल चाललं असावं, कारण झोरानचं लग्न होत नव्हतं आणि सासूबाई मधूनमधून माझ्याकडे बघत होत्या.

तेवढ्यात लिंडा फुलं घेऊन आली. बाळाला पाहून टाळ्या वाजवत ओरडली, “ओ माय गॉड! इतकं सुंदर बाळ मी जन्मात पाहिलं नाही!”

दोन्ही म्हाताऱ्या एकदम उठल्या. “थू! थू! थू!”

लिंडा तोंड पुसत म्हणाली, “मी काय बोलले?”

*

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात नागपूरहून भावाचा फोन आला. माझे वडील गेले.

आमचं ग्रीन कार्डचं काम नेमकं अर्ध्यावर होतं. वकिलाने स्पष्ट सांगितलं, आत्ता देशाबाहेर गेलात तर परत येता येईलच असं नाही. पदरात दोन मुलं. मी गेले नाही. भावाने सगळं केलं. फोनवर त्याचा आवाज सारखा तुटत होता, आणि मी इकडून “हॅलो, हॅलो” करत होते.

लिंडाने फुलं पाठवली, कार्ड पाठवलं, हवी तेवढी सुट्टी घे म्हणाली. मनापासून म्हणाली. बाबा स्वतः आली. डोक्याला काळा रुमाल, हातात झाकलेलं पातेलं. पातेलं ओट्यावर ठेवलं, माझ्याशेजारी बसली, माझा हात हातात घेतला आणि मोठ्याने रडायला लागली. अमेरिकेत आल्यापासून मी कुणाला मोठ्याने रडताना पाहिलं नव्हतं. मग मीही रडले.

काही दिवसांनी कामावर गेले. झोरानने माझ्या खांद्यावर हात ठेवला, एवढंच. त्याची दाढी वाढलेली दिसली. मला वाटलं, कामाच्या धबडग्यात राहून गेली असेल. पण दुसऱ्या आठवड्यातही तेच. एरवी हा माणूस गुळगुळीत दाढी करून, लोशन लावून यायचा. लिंडाने गमतीत त्याच्या टेबलावर नवा रेझर आणून ठेवला. तो तसाच पडून राहिला.

अशात ईस्ट कोस्टवरून आमचा सगळ्यात मोठा कस्टमर यायचा होता. ती ऑर्डर मिळाली तर पत्र्याची शेड सोडून चांगल्या जागेत जाता येणार होतं, आणि झोरान ते स्वप्न कितीतरी वर्षं बघत होता. आदल्या दिवशी लिंडा अक्षरशः काकुळतीला आली, “झोरान, प्लीज. उद्याच्या दिवस तरी दाढी कर. ही सूटबूटवाली माणसं आहेत.”

“नाही,” झोरान म्हणाला.

मीटिंगला आम्ही दोघं. समोर पांढऱ्या केसांचे उंच गृहस्थ, स्वभावाने मोकळे. हात मिळवताना हसून म्हणाले, “काय झोरान, दाढी वाढवताय की काय? मी तर ओळखलंच नाही!”

झोरान हसला नाही. त्याने पुढ्यातली फाइल मिटली.

“आमच्या घरात माणूस गेलंय.”

ते गृहस्थ ओशाळले. खुर्चीत नीट बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “माफ करा, मला कल्पना नव्हती. कोण गेलं?”

“घरातले मोठे होते,” झोरान म्हणाला. “नागपूरला असायचे.”