दंडाचा घेर

पोरगी काय खाते, या एकाच प्रश्नानं तेव्हा माझं डोकं पोखरलं होतं. साडेचार वर्षांची लेक, किडनीत कॅन्सरची गाठ. आधी केमो देऊन गाठ लहान करायची, मग ऑपरेशन, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि ऑपरेशन सोसायचं तर अंगात ताकद पाहिजे. चाकणच्या आमच्या कंपनीत लाइनवर मोबाइल नेता येत नाही. मी बाथरूमच्या नावानं सटकायचो, लॉकरमधून फोन काढायचो आणि मोशीच्या खोलीवर बायकोला विचारायचो, काय खाल्लं? दोन घास, ती म्हणायची. थोड्या वेळानं परत फोन. सुपरवायझर वैतागला, बायको त्याहून जास्त. तुमच्या फोननं तिचं पोट भरतं का, म्हणाली एकदा. बरोबरच होतं तिचं. पण गप बसवत नव्हतं, राव.

माझा सगळा भरवसा वजनकाट्यावर. काटा खाली आला नाही की माझा जीव भांड्यात. अशात दवाखान्यातून एक ताई घरी यायला लागल्या. बेताच्या घरातली कॅन्सरची पोरं उपचार चालू असताना काय खातात, आणि त्यानं औषधं सोसण्यात काय फरक पडतो, यावर त्यांचा रिसर्च चालू होता. मनात म्हटलं, घ्या, आता आमच्या पोरीवर अभ्यास. तोंडानं म्हटलं, या, बसा, चहा टाकायला सांगतो.

त्यांनी पोरीच्या दंडाला रंगीत पट्टी गुंडाळली, अंगणवाडीत लावतात तशी. लाल आलं, म्हणजे पोरगी पार खंगलेली. मी भांडायलाच उठलो. वजन आहे तेवढंच आहे, तुमचीच पट्टी चुकली असेल म्हटलं.

"दादा, काट्यावर पोटातली गाठपण मोजली जाते," त्या म्हणाल्या. "दंड तेवढा तिचा स्वतःचा."

म्हणजे इतके दिवस मी त्या गाठीच्या वजनावर खूश होत होतो. एवढा संताप आला, आणि काढायचा कोणावर तेही कळेना.

मग ताईंनी विचारायला घेतलं, काल सकाळपासून हिनं काय काय खाल्लं. बायको सांगत होती, खिमट केलं, अंडं उकडलं, शिरा केला. केलं सगळं होतं, पोटात काहीच गेलं नव्हतं. ताईंनी पोरीकडं वळून विचारलं, तुला भूक लागत नाही का गं?

"लागते," पोरगी म्हणाली. "पण माझा उपास आहे. मम्मी उपास करते म्हणून मी बरी होणार आहे. मीपण केला की लवकर होईन."

बायको देवाला नवस बोलली होती, ऑपरेशन पार पडेपर्यंत एकच वेळ जेवीन. ते जेवणही पोरगी झोपल्यावर. शेजारणी यायच्या आणि पोरीच्या देखतच म्हणायच्या, आईच्या उपासानंच लेकरू उठून बसेल बघा. मी काही फार देवाचं करणारा माणूस नाही. पण तिला उपास सोड म्हणायची माझी छाती झाली नव्हती. न जाणो, त्यानंच काही होत असलं तर?

मला वाटलं, आता ताई भाषण देणार. त्या नुसती पट्टी गुंडाळत राहिल्या. बायको उठली. खिमटाची ताटली घेऊन पोरीसमोर मांडी घालून बसली आणि पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला. पाण्याच्या घोटाबरोबर तो गिळला.

"देव रागवंल," पोरगी घाबरून म्हणाली.

"रागावला तर माझ्यावर रागवंल. तू खा."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मीही ताटलीतला एक घास घेतला, नाहीतर रडलोच असतो. मग तिनं तोंड उघडलं. एक घास, दुसरा, तिसरा. आणि भडाभडा सगळं ओकली.

बायकोनं तिचं तोंड पुसलं, फरशी पुसली, हात धुतले. परत येऊन त्याच जागी बसली आणि पुन्हा पहिला घास स्वतः घेतला.