उसातून आलेला हूं

आधीच सांगतो, भुताखेतावर माझा काडीचा विश्वास न्हाई. अमुशेला शेताला पाणी भरलंय, मसणवाटेनं सायकल दामटलीय. कोणी अंगारा घेऊन आला तर पायरीवरूनच हाकललाय. चौथी शिकलेला म्हातारा आहे, मोबाईलवर एका बोटानं लिहितोय. चुकलं तर समजून घ्या, न्हाई घेतलं तरी चालंल.

ओतूरहून मांडवीच्या काठानं खाली आलं की आमची वस्ती. घरापुढं ओटा, ओट्यापुढं घासाचा वाफा, वाफ्याला लागून ऊस. त्याच वाफ्यात मागल्या दिवाळीच्या तोंडावर माझ्या बायकोला, सुमनला, बिबट्यानं नेलं. भर दुपारी. म्हशीसाठी घास कापत वाकली होती... वनखात्याचा साहेब म्हणाला, "बाबा, वाकलेलं माणूस त्याला शेळीसारखं दिसतं. त्याची चूक झाली."

चूक! म्हटलं, आता एक चूक मी पण करणार.

पहार दगडावर घासून टोक काढलं. वाफ्याच्या कडेला वनखात्यानं पिंजरा लावला, आत शेळी बांधली. मी ओट्यावर पहार घेऊन बसायला लागलो. शेजारचा बबन हसायचा, "दादा, त्यो काय पत्ता इचारत येनार हाय का?"

"यील. माझं गिऱ्हाईक हाय ते."

बसून बसून करणार काय? फळीवर माझ्या लेकीची, मंगलची, लहानपणची पुस्तकं होती. जादूच्या गोष्टीचे पाच भाग, आळेफाट्याच्या स्टँडवर घेतलेले. तारू नावाची पोरगी. सावल्या नावाचं जनावर तिच्या आईला उचलून नेतं, आणि ही पाच डोंगर ओलांडून त्याच्या मागं जाते. संगं एक कावळा, खोटं बोलला की शिंकणारा. जेवणं झाली की सुमन मोठ्यानं वाचायची, मी आडवा पडून ऐकायचो. तिचा कायदा होता, वाक्य संपलं की "हूं" म्हणायचं. हूं थांबला की वाचन बंद. "झोपला का वो? मी काय भिंतीला वाचून दावतीय?" कावळा शिंकला की स्वतःच नाकातून हसायची.

शेवट मी कधी ऐकलाच न्हाई, त्याआधीच घोरायचो. आता मला तेवढाच पाहिजे होता. मंगलला फोन लावला.

"आबा, तुमी आन् पुस्तक?"

"ती तारू मारती का न्हाई त्याला?"

"ध्यानात न्हाई वो. वाचा की."

मग पहिल्यापासून वाचत निघालो. अक्षर लावत, मोठ्यानं, मनात वाचता येत न्हाई मला. पोरांचं पुस्तक म्हणतात याला? विझलेली चूल बघून तारू रडत न्हाई, विळा उचलते आणि दारही न लावता निघते. तिथं पुस्तक उलटं ठेवून मी पहारीकडं बघत बसलो. तवा हे पोरखेळ वाटलं होतं. आता एकेक ओळ माझीच.

चौथा भाग चालू होता. उन्हं कलली होती. वाक्य संपलं आणि उसातून आवाज आला — हूं.

मनात म्हटलं, आला! पण शेळी निवांत रवंथ करत होती. पुढचं वाक्य वाचलं. परत हूं. दुसऱ्या दिवसापासून खाट पिंजऱ्याजवळ नेली. "ऐक मुडद्या, तुझं मरण वाचतोय." रोज वाचायचो, रोज हूं यायचा. एक दिवस कावळा शिंकला आणि उसात कोणीतरी नाकातून हसलं... मी ओळीवर बोट दाबून धरलं. तरी वाचत राहिलो. मला बिबट्या पाहिजे होता.

पाचव्या भागाचं एकच पान उरलं. तारू गुहेच्या तोंडाशी, सावल्या समोर. दिवेलागणीची वेळ. मी पान उलटणार तोच पिंजऱ्याचं दार धाडकन पडलं. बिबट्या आत! बबननं ओट्यावरूनच वनखात्याला फोन लावला. मी पहार घेऊन पिंजऱ्याशी गेलो. जनावर कोपऱ्यात दबून, तोंड मिटून माझ्याकडं बघत होतं. पहार गजातून घातली, नेम धरला —

आणि माझ्या पाठीमागून, उसातून, हूं.

जरा ओढून. वाचणारा मध्येच थांबला की ऐकणारा करतो तसा.

मी वळलो. उसाचं पातंसुद्धा हलत नव्हतं. "सुमे?" म्हटलं. तेवढ्यात रस्त्याला जीपचे दिवे दिसले, माणसं आली, पहार हातातून काढून घेतली.

बिबट्याला वनखात्यानं नेऊन कोंडलंय, आता तिकडं सरकारी मटण मिळतंय. माझी बायको खाऊन वर रोजचं जेवण! राग तसूभर कमी न्हाई झाला. आज कोणी ते दार उघडून दिलं तर मी पहार घेऊन जाईन.

ऊस तुटून गेला. रान मोकळं, पार नदीपर्यंत दिसतं. मी परत पहिल्या भागापासून वाचतो आणि त्या उघड्या रानातून हूं येतो. बबन म्हणतो, "दुसरा वाघ आसंल."

"कुठं लपलाय, ढेकळाखाली?"

मंगल डॉक्टरला दाखवू म्हणते. दाखव म्हटलं.

ते शेवटचं पान मात्र मी वाचलेलं न्हाई. तारूनं त्याला मारलं का सोडलं, मला अजून माहीत न्हाई. ज्याच्यासाठी पुस्तक हातात घेतलं तेच पान दोऱ्यानं बांधून ठेवलंय. गोष्ट संपली की ऐकणारा उठून जातो. हे कसं काय घडतं ते मला विचारू नका, मला न्हाई माहीत. ऊन कललं की मी खाट बाहेर काढतो.