फरशीनंतरचं खोकं

अश्विन थूल यंदाचा कापूस घरात आलेला पाहत नाही, ही बातमी अल्लीपुरात सकाळी बसस्टॉपवर फुटली. संध्याकाळपर्यंत ती पिठाच्या गिरणीतून, पानठेल्यावरून फिरून परत बसस्टॉपवर आली, तेव्हा तिच्या अंगावर बरंच मांस चढलं होतं. निघाली तेव्हा नुसता "मोठा आजार" होता. परतली तेव्हा तो पोटात आहे, पसरला आहे आणि डॉक्टरांनी हात वर केले आहेत, इथवर सगळं ठरलं होतं.

बातमीची मालकीण तानाबाई. आता तानाबाई खोटं बोलत नाही, हे तिच्याशी न पटणारेही कबूल करतात. ती फक्त खऱ्याला एकटं सोडत नाही, इतकंच. ती गुडघे दाखवायला सेवाग्रामच्या दवाखान्यात गेली होती. तिथं एका वॉर्डाबाहेरच्या बाकावर अश्विन दोन्ही हातांत डोकं धरून बसलेला, उजवा पाय शिलाई मशीनवर असल्यासारखा हलतोय, आणि तोंडाला मास्क लावलेली एक नर्स त्याच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी समजावते आहे, एवढं तिनं पाहिलं. बाकीचं येताना बसमध्ये तिचं तिनं जुळवलं.

"अन् वजन किती उतरलं त्याचं, पाह्यलं नाई का तुम्ही?" ती ऐकणाऱ्यांना विचारायची.

पाहिलं होतं. गळ्याजवळ सदरा सैल झाला होता. ते मात्र खरं होतं.

अश्विन चाळिशीला टेकलेला, लग्नाचे व्हिडिओ काढणारा माणूस. घराच्या पुढच्या खोलीवर 'मैत्रेय शूटिंग' अशी पाटी, लेकराच्या नावाची. कोणाच्या लग्नात कोणता जावई रुसून मोटरसायकलवर जाऊन बसला, कोणत्या व्याह्यानं आहेराची साडी उलटीपालटी करून पाहिली, सगळं त्याच्या डिस्कमध्ये आहे आणि त्यातलं काहीच व्हिडिओत नाही. गावात त्याला मान होता तो शूटिंगपेक्षा या कापाकापीमुळे.

पण मे महिन्यात महादेवरावांच्या थोरल्या मुलीचं, अंकिताचं लग्न झालं आणि अश्विनची झोप गेली. महादेवराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी, दोन ट्रॅक्टर, आवाज त्याहून मोठा. त्यांना ड्रोन पाहिजे होता. अश्विननं वर्ध्याहून ड्रोनवाला आणला. त्यानं आभाळातून इतकं बारीक, इतकं जड चित्रण करून दिलं की अश्विनचा जुना कॉम्प्युटर ते गिळेना. नवरी स्टेजकडे निघायची, एक पाऊल उचलायची आणि तशीच थांबायची. अश्विन चहा पिऊन यायचा तरी नवरीचा पाय हवेतच.

पावसाळा असाच गेला. मग महादेवराव दारात उभे राहिले.

"दसरा झाला का धाकट्या रूपालीचं साक्षगंध आहे. त्याच मांडवात पडदा लावून अंकिताच्या लग्नाचा पिक्चर दाखवाचा आहे, व्याही पाह्यतीन. झाला तं रूपालीचं लग्नबी तुयाकडंच. नाई झाला तं हिंगणघाटवाल्याले सांगतो. त्याच्याजवळ कॅमेऱ्याची क्रेन आहे."

क्रेन म्हटल्याबरोबर अश्विनचा पाय जो हलायला लागला तो थांबेचना. महादेवरावांचं घर गेलं की त्यांच्याकडे पाहून चालणारी सगळी घरं जाणार, आणि मग 'मैत्रेय शूटिंग'च्या पाटीखाली आधारकार्डाचे फोटो काढत बसायचं.

उपाय त्याला ठाऊक होता. कॉम्प्युटरच्या डब्यात एक ग्राफिक्स कार्ड बसवायचं, पंखा लावलेली एक पाटीच ती, चित्रं हलवण्याचं ओझं तीच उचलते. पण अल्लीपुरात अश्विन आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन शब्द एका दमात कोणी उच्चारले, की तिसरा शब्द फरशी असायचा.

त्याचं असं झालं. मागच्या वर्षी मोबाईलवर एक जाहिरात आली. अर्ध्या किमतीत कार्ड, आणि खाली घड्याळ उलटं पळत होतं, संधी संपत चालली म्हणून. अश्विननं घाईघाईनं पैसे भरून टाकले. पार्सल वाटणारा स्वप्निल बसस्टॉपच्या कडुनिंबाखाली गाडी लावतो आणि एकेकाचं नाव घेऊन हाका मारतो, म्हणजे कोणी काय मागवलं ते आधी गावाला कळतं, मग घरच्यांना. अश्विननंही ऐटीत तिथंच खोकं फोडलं. आत फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेली स्वयंपाकघराची फरशी निघाली, फिक्या गुलाबी फुलांची.

तक्रार केली तर तिकडून एकच उत्तर: उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. साऱ्या पंचक्रोशीच्या हळदी शूट करणाऱ्या माणसानं स्वतःचं खोकं मात्र कॅमेऱ्याशिवाय उघडलं होतं! आठवड्यात ते दुकानच मोबाईलवरून नाहीसं झालं. गाव मात्र कुठं जातं? "अश्विनभाऊ, न्हाणीघर कधी बांधता?" हे वर्षभर चाललं. आणि घरात होती त्याची बायको मेघा. तिनं फरशी धुतली, पुसली, आणि रोज जेवताना भाजीचा गरम गंज, म्हणजे पातेलं, त्याच्यासमोर त्या फरशीवर ठेवायला सुरुवात केली.

म्हणून या वेळी कोणाला सांगायचं नाही, बायकोलाही नाही, असं त्यानं ठरवलं.

गुपचूप केलेलं काम माणसाला बसू देत नाही. मोबाईलवर एक जण सांगायचा, चार जीबीचं कार्ड आता कचरा आहे. दुसरा सांगायचा, आठचं घ्याल तर पैसे फुकट. तो जेवणातून उठायचा, कपाटामागे जाऊन तिसऱ्याचं ऐकायचा. वर्ध्याच्या एका ओळखीच्यानं जुनं कार्ड स्वस्तात देऊ केलं. चकाचक होतं, पण अश्विननं पंख्याच्या मागे बोट फिरवलं तेव्हा काळं तेल लागलं. कुठं तरी रात्रंदिवस तापवून, धुऊनपुसून आणलेलं. म्हातारं जनावर शिंगं रंगवून बाजारात आणतात, त्यातला प्रकार.

मग त्यानं ऑनलाइन दुकानांची पारख मांडली. पहिल्यांदा वाचली ती शिव्या देणाऱ्यांची मतं. शिवी खाल्ल्यावर दुकानदार काय उत्तर देतो ते पाहिलं. घड्याळ उलटं पळवणारी दुकानं सोडली. पत्ता नाही, जीएसटीचं बिल नाही, तीही सोडली. उरलेल्यांना तो शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर जाऊन फोन करायचा. फोन करताना धुऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायचा. सगळ्यांना एकच प्रश्न: माझ्या डब्यातली वीजपुरवठ्याची पेटी साधी आहे, तुमचं सगळ्यात भारी कार्ड चालेल का?

"चालेल की, घ्या बिनधास्त," असं म्हणणाऱ्यांचे फोन त्यानं ठेवून दिले. नागपूरचा एक जण मात्र वैतागला.

"काऊन घेता भाऊ तुम्ही ते? जळन तुमची पेटी. व्हिडिओच मिक्स कराचे आहे ना? हे लहानवालं घ्या, याले वेगळी वायर नाई लागत. पैसे वाचवा अन् त्याची रॅम टाका."

विकायला बसलेला माणूस महागाचं घेऊ नका म्हणतो! अश्विन धुऱ्यावर मटकन खाली बसला. तिथूनच ऑर्डर दिली.

पत्ता मात्र अल्लीपूरचा द्यायचा नव्हता. मेघाची धाकटी बहीण ज्योत्स्ना सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स, तिचा दिला. ते सांगायला तो स्वतः गेला.

"भाऊजी, एवढं लपवून काय मागवलं? ताईले सांगू का?"

"सांगशीन तं तुया ताईच्या हातची भाजी मले जलमभर फरशीवरच खा लागन."

ती हसून हसून दमली, पण शपथ घेतली. पुढं अश्विन मोबाईलवर पार्सलचा माग काढत बसला. पार्सल नागपुरातून निघालं, वर्ध्याला आलं, आणि काय वेड लागलं कोण जाणे, परत नागपूरला गेलं. अश्विननं दोन घासांवर ताट सारलं. मग एके दिवशी 'पोहोचलं' असं लिहून आलं आणि ज्योत्स्ना म्हणाली, माझ्याकडं कोणी आलंच नाही. तो पहिल्या बसनं निघाला, वॉर्डाबाहेरच्या बाकावर डोकं धरून बसला, आणि ज्योत्स्ना मास्क तसाच ठेवून त्याला म्हणाली, "भाऊजी, पार्सल येईन, कोठी नाई जात." नेमक्या त्याच वेळी तानाबाईचे गुडघे तिकडून आले.

दुसऱ्या दिवशी खोकं आलं. तो पुन्हा गेला, पिशवीत घालून घेऊन आला आणि कपाटात साड्यांच्या मागे ठेवलं. उघडायची हिंमत होईना. हातात घेतलं की वजन फरशीएवढंच लागायचं.

घरात तोवर वेगळंच सुरू झालं होतं. मेघाच्या कानावर बातमी आली होती. ती विचारत नव्हती. नवरा सांगेल तेव्हा सांगेल म्हणून वाट पाहत होती. भाजीतलं तेल-तिखट गेलं. डाळिंबाचे दाणे सोलून वाटीत यायला लागले. आणि एक दिवस गंजाखाली फरशी नव्हती. अश्विन कपाटाकडे पाहायला लागला. हिनं नक्की खोकं पाहिलं!

मग दुपारी ती बचतगटाच्या मीटिंगला गेल्यावर त्यानं धीर केला. पुढच्या खोलीत पांढरी चादर अंथरली, लग्नाचा मोठा लाइट लावला, कॅमेरा तिकाटण्यावर चढवला. दुकानाचा नियम होता: व्हिडिओ मध्ये न थांबवता, खोकं आणि दोन्ही हात सारखे दिसत राहिले पाहिजेत. तो मांडी घालून बसला, खोकं पुढ्यात घेतलं, बटण दाबलं आणि कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाला, "मी अश्विन थूल, राहणार अल्लीपूर. आज मी पूर्ण शुद्धीत..."

आणि केळ्यांची फणी घेऊन महादेवराव आत आले. त्यांच्यामागे, त्यांना घराकडे येताना पाहून मीटिंग सोडून धावत आलेली मेघा.

"रामराम अश्विन. अरे, काय करून राह्यला हे?"

"जयभीम काका. रेकॉर्डिंग. मधात येऊ नका, उजेड अडते."

महादेवरावांनी पांढरी चादर पाहिली, लाइट पाहिला, आणि आवाज एकदम मऊ केला. "समजलं बाप्पा. लेकरासाठी ठेवून राह्यला. चांगलं करतं. आता आमच्या पिक्चरची काळजी नको करू, पहिले तुयी तब्येत. फक्त काय म्हणतो मी, अंकिताच्या लग्नाची डिस्क कोणत्या डब्यात आहे, तेवढं त्यात बोलून टाक. मांगून शोधाशोध नको."

"मांगून म्हंजे?"

"काहो, आता तरी नका लपवू!" मेघाचा बांध फुटला. "सेवाग्रामले चकरा मारता, जेवत नाई, कपाटात रिपोर्ट लपवता. तानाबाईनं समदं सांगतलं मले!"

अश्विनला उठून तिच्याकडे जायचं होतं, पण हात खोक्यावरून हलवायची सोय नव्हती. "मेघा, रडू नको. आवाज येते यात."

ती आणखी रडली.

आता त्याच्यापुढं दोनच वाटा उरल्या. आजारी राहावं, म्हणजे गाव हळहळेल आणि रूपालीचं लग्न क्रेनवाला नेईल. नाहीतर खोकं सगळ्यांसमोर उघडावं, आणि आत पुन्हा गुलाबी फुलं निघाली तर... पाय मांडीतल्या मांडीत थडथडत होता. त्यानं सुरी घेतली.

"पाह्यजा समदे. मले काई नाई झालं. मी पुन्हा तेच मागवलं."

चिकटपट्टी कापली. पुठ्ठा. स्पंज. मग एक करडी चकचकीत पिशवी. पिशवीतून दोन पंख्यांचं काळं कार्ड निघालं. अश्विननं त्यावरचा नंबर कॅमेऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवला, आणि तोच बिलावर दाखवला.

"हे दवाईचं मशीन आहे का?" महादेवरावांनी विचारलं.

"काका, हे तुमच्या अंकितासाठी आहे. चार महिने झाले, तिचा पाय हवेत आहे."

त्याच संध्याकाळी कार्ड बसलं आणि नवरी चालत स्टेजवर गेली. दसऱ्यानंतर साक्षगंधाला पडद्यावर पिक्चर लागला, व्याह्यांनी दोनदा पाहिला, आणि रूपालीचं लग्न अश्विनकडेच राहिलं. महादेवराव मात्र त्याला मांडवाच्या कोपऱ्यात घेऊन गेले.

"ते तुया खोक्याचं रेकॉर्डिंग आहे ना, त्यात मी जे डिस्कचं बोललो, ते मिटवून टाक लेका."

"नाई मिटवता येत काका. वॉरंटी संपेपर्यंत ठेवाच लागते."

फरशी परत गंजाखाली आली. तानाबाई अजूनही सांगते की सेवाग्रामच्या डॉक्टरांचा हात चांगला, म्हणून अश्विन उठला.

अश्विनला कोणताही आजार नव्हता. तो सेवाग्रामला जात होता ते मेहुणीच्या पत्त्यावर मागवलेल्या ग्राफिक्स कार्डासाठी.